जपानी वाचन-लेखन शिकवताय? या चुका टाळा

नव्या बॅचची पुस्तकं उघडली की माझं डोकं फिरतं. हिरागाना या जपानी लिपीच्या प्रत्येक अक्षरावर बारीक पेन्सिलीने देवनागरी. मूळ अक्षरं ४६, रोज थोडी घोटली तर सहज बसतात. पण शिक्षकच म्हणतात, ‘असू दे, हळूहळू सुटेल.’ सुटत नाही.

ठाण्याहून दादरला क्लासला येणारी एक मुलगी धडे सपासप वाचायची. सराव परीक्षेत मी कोरी झेरॉक्स दिली, तर पहिल्याच वाक्यात गाडी अडली. ‘वाताशि वा’ (‘मी’) मधला शेवटचा ‘वा’ लिहितात ‘हा’च्या अक्षराने, तिने ‘हा’च वाचलं. म्हणजे इतके दिवस बाई वरची देवनागरी वाचत होत्या! मी खोडरबर पुढे केला. ‘सेन्सेई, घरी जाऊन पुसते ना!’ म्हटलं, आत्ता, इथेच. वर गृहपाठ दिला: परतीच्या लोकलमध्ये एकेक स्टेशन काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहायचं. जपानीत ‘ल’ नाही, त्यामुळे मुलुंडचं होतं ‘मुरुन्दो’. कुरकुर केली, पण लिहिलं. आता तिला पेन्सिल लागत नाही.

दुसरी चूक, लिखाणाला फाटा. ‘जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत हाताने लिहायचंच नसतं, मग कशाला?’ नसतं, खरंय. सगळे पर्यायी प्रश्न. पण काताकानातले ‘शि’ आणि ‘त्सु’ नुसते बघून वेगळे करून दाखवा! ‘शि’ची लांब रेघ खालून वर जाते, ‘त्सु’ची वरून खाली येते. हे हाताला कळलं की डोळ्यांना कळतं. मी चौकटीची वही आणायला लावते आणि एक अक्षर पाचदाच लिहून घेते, पण रेघांचा क्रम बघत. पन्नास वेळा गिरवायला लावणं ही शिक्षा झाली.

रोमाजी, म्हणजे रोमन लिपीतलं जपानी, पहिल्या आठवड्यानंतर बंद.

अ‍ॅप उजळणीपुरतं.

पाळीपाळीने मोठ्याने वाचन घेऊ नका. एक वाचतो, बाकीचे व्हॉट्सअ‍ॅप बघतात. आधी फळ्यावर प्रश्न लिहा, ‘दुकान कधी बंद असतं?’, आणि उत्तर मनातल्या मनात वाचून शोधू द्या.

आणि ‘महिन्याभरात एन-फाइव्ह (जेएलपीटीची पहिली पायरी) करून द्या’ म्हणणारे. त्यात १८० पैकी १२० गुण शब्द, व्याकरण आणि वाचनाचे आहेत. त्यांच्यापुढे मी जुना उतारा ठेवते आणि घड्याळ लावते. बहुतेक जण मग पुढच्या बॅचला नाव घालतात.