ड्रायव्हरचा स्लाइस घालवायचाय? सुरुवात उजव्या खांद्यापासून करा

गोल्फ खेळताना आठ नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) बऱ्यापैकी सरळ जातं, पण टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, हातात घेतला की चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत जातो, म्हणजेच स्लाइस होतो, अशांसाठी हे लिहितोय. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

स्विंग तोच असताना ड्रायव्हरच का दगा देतो, हे आधी समजून घ्या. आठ नंबरला लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मागे कल, 35 अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे चेंडूला भरपूर बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) मिळतो आणि फेस थोडा उघडा राहिला तरी चेंडू फारसा वळत नाही. ड्रायव्हरचा लॉफ्ट 9 ते 12 अंश. बॅकस्पिन कमी, म्हणून तेवढीच चूक इथे कितीतरी जास्त वळण देते. शिवाय शाफ्ट (दांडा) 45 इंचांच्या आसपास, म्हणजे बॅगेतला सगळ्यात लांब. चूक आयर्नमध्येही होतीच, ड्रायव्हर ती फक्त उघड करतो.

टी आणि चेंडूची जागा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा. क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू क्राऊनच्या (क्लबच्या डोक्याच्या माथ्याच्या) वर दिसला पाहिजे. सव्वातीन इंची लाकडी टी घ्या, पावणेतीन इंची अनेकदा कमी पडते. सरावाच्या रेंजवरच्या रबरी टीची उंची ठरलेली असते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. म्हणून तिथल्या टीवर जमलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका.

पाय. खांद्यांपेक्षा थोडे रुंद. झालं.

ग्रिप (क्लबची पकड). खाली पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन बोटपेरं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर फेस बंद करायला मनगटांना फार कष्ट पडतात. आधी हे दुरुस्त करा, मगच पुढे वाचा.

खांदे. सगळा घोळ इथे आहे, आणि मला सर्वात जास्त वेळ इथेच लागला. चेंडू डाव्या टाचेसमोर गेला की उजवा हात तिथवर पोचवण्यासाठी उजवा खांदा नकळत पुढे येतो. पायांची रेषा लक्ष्याकडे असते, खांदे मात्र डावीकडे बघू लागतात. या अवस्थेतून क्लब बाहेरून आत, चेंडूला कापतच येणार. उभं राहताना झालेलं नुकसान स्विंगमध्ये भरून काढता येत नाही.

उपाय असा. नेहमीसारखे उभे राहा आणि एक क्लब छातीवर, दोन्ही खांद्यांना टेकवून आडवा धरा. तो कुठे बघतोय ते पाहा. स्लाइस मारणाऱ्या बहुतेकांचा क्लब लक्ष्याच्या बराच डावीकडे बघत असतो. आता कंबरेपासून वरचं शरीर किंचित उजवीकडे कलवा, इतकं की उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणि थोडा मागे जाईल. छातीवरचा क्लब पायांच्या रेषेला समांतर आला की थांबा. सुरुवातीला हे अवघडल्यासारखं, चेंडूच्या फार मागे उभं राहिल्यासारखं वाटतं. तसंच वाटायला हवं. याच कलण्यामुळे क्लब चेंडूला वर जाताना भेटतो.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: 'डावीकडे नेम धर, वळून येईल मधे.' कृपया ऐकू नका. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस बघतोय त्या दिशेने, आणि वळतो फेस व क्लबची वाट (क्लब चेंडूतून ज्या दिशेने जातो ती) यांच्यातल्या फरकामुळे. तुम्ही अंग डावीकडे फिरवलंत की क्लबची वाट आणखी डावीकडे जाते, फेस मात्र मनातल्या लक्ष्याकडेच राहतो. फरक वाढला, वळण वाढलं. कित्येक जण वर्षानुवर्षं याच चक्रात अडकून राहतात. 'डोकं खाली ठेव' हा दुसरा तसाच सल्ला. हनुवटी छातीला चिकटली की खांदा फिरायला जागाच उरत नाही.

खांदे जागेवर आले की एक सराव करा. क्लबचं कापडी कव्हर चेंडूच्या साधारण फूटभर मागे आणि चेंडूपलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला ठेवा. बाहेरून आत आलात की कव्हर उडेल. निम्म्या जोराने मारा आणि चेंडू उजवीकडे निघून डावीकडे वळावा एवढंच बघा. किती लांब गेला ते मोजू नका. क्लब खाली येताना पाठ क्षणभर लक्ष्याकडेच राहू द्या. खांद्यांनी घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

फेसवर कुठे लागतोय? व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या टोकाकडे) उमटला तर वाट चांगली असूनही चेंडू उजवीकडे वळेल, कारण तिथल्या फटक्याने फेस वळतो आणि चेंडूला उलटा स्पिन बसतो. अर्धा इंच लांब उभं राहून बघा, किंवा ग्रिप इंचभर खाली धरा. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

किती जोरात? टीव्हीवर पीजीए टूर (पुरुष व्यावसायिकांची स्पर्धामालिका) पाहून नक्कल करू नका. ते पुरुष खेळाडू सरासरीने चेंडूला किंचित खाली येतानाच मारतात, त्यांच्या वेगाला ते परवडतं. एलपीजीएच्या (महिलांच्या अशाच मालिकेच्या) खेळाडू वर जाताना मारतात आणि कमी वेगातून जास्त अंतर काढतात. आपल्या वेगाच्या माणसाने त्यांचं बघावं. भारताची गोल्फपटू अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत मोडत नाही, तरी टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. नवा ड्रायव्हर घेत असाल तर साडेदहा अंशांखाली जाऊ नका. पुण्या-नाशकाकडे पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळून मिळणारं अंतर नसतंच. तेव्हा जास्त लॉफ्टच कामी येतो.

हे सगळं बसेपर्यंत मैदानावर खेळायचंच असेल तर टी-बॉक्सच्या (होलचा पहिला फटका मारायच्या जागेच्या) उजव्या टोकाला टी लावा, म्हणजे अख्खा फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) वापरता येतो. टी-बॉक्सवरच्या खुणांच्या मागे दोन क्लबांच्या लांबीएवढी जागा नियमाने मिळते. तिच्यात सपाट तुकडा शोधा. आणि उजवीकडे ओबी (मैदानाच्या हद्दीबाहेरची जागा) असलेल्या अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या, हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, जास्त लॉफ्टचा क्लब) काढा.