दर पाठ होतो, तारीख चुकते: मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांनी टाळायच्या करातल्या चुका

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सकाळपासून माझा फोन थांबला नाही. मी जालन्यात मोंढ्यातल्या आणि एमआयडीसीतल्या छोट्या फर्मांचे हिशेब बघतो. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "सर, आपल्या मालाला आता किती टक्के?" दर सांगायला मिनिट लागतं. पण पुढच्या महिन्यांत माझ्याकडे जी माणसं घाबरून आली, त्यांतली बहुतेक दरात चुकलेली नव्हती. त्यांची तारीख चुकली होती.

आधी दराचं थोडक्यात सांगतो. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले, ५ आणि १८ उरले, चैनीच्या मोजक्या वस्तूंना ४०. शेतीचा ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आला, त्याचे टायर १८ वरून ५ वर, ठिबक १२ वरून ५ वर. सिमेंट २८ वरून १८. मात्र आपली सळई आधीही १८ वर होती, आजही १८ वरच आहे. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी इथे फार काळजी घ्यायला हवी. "शेतीचं सगळं ५ टक्के झालं" असं ऐकून एका दुकानदाराने बिलिंगमध्ये सगळ्या औषधांना ५ लावून टाकलं. रासायनिक कीटकनाशक १८ वरच आहे. खाली आली ती ठरावीक जैविक कीटकनाशकं. खत आधीपासूनच ५ वर होतं. त्या दुकानदाराला ग्राहकाकडून न घेतलेले १३ टक्के स्वतःच्या खिशातून भरावे लागले.

माल कधी गेला, बिल कधी फाटलं, पैसे कधी आले

दर बदलाच्या आसपासच्या व्यवहाराला कोणता दर लावायचा, याचं उत्तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. ते वाचायला किचकट आहे, म्हणून मी माझ्या लोकांना सोपं करून सांगतो: मालाची डिलिव्हरी, बिल आणि पैसे या तीन तारखा लिहा. तीनपैकी दोन ज्या बाजूला पडतील, तो दर.

परभणीकडच्या एका शेतकऱ्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टरचे पैसे भरले. गाडी आणि बिल दोन्ही घटस्थापनेला. डीलर म्हणाला, पैसे जुन्या दराच्या काळात आले, म्हणून १२ टक्के. हे चूक. दोन तारखा २२ सप्टेंबरच्या या बाजूला आहेत, म्हणून दर ५. उलटही होतं. माल २० तारखेला गेला, बिल २० चंच आहे, पैसे दिवाळीनंतर आले, तर दर जुनाच. ग्राहक कितीही भांडला तरी जुनाच.

परत आलेल्या मालाचंही तसंच. २२ सप्टेंबरपूर्वी १२ टक्क्यांनी विकलेला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच काढायची. ती नव्या दराने काढून ठेवलेल्या फर्मांची मूळ बिलाशी जुळणी आजही बसत नाही.

जुन्या दराने घेतलेल्या स्टॉकचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, वाया जात नाही. ते खात्यात राहतं आणि पुढच्या करात वळतं होतं. त्याचा परतावा मागायला मात्र धावू नका. तोच माल आणला आणि तोच विकला, मध्येच दर उतरला, एवढ्यावर परतावा मिळत नाही. वह्या, पेन्सिलींसारखा जो माल थेट शून्यावर गेला, त्याची गोष्ट वेगळी. २२ सप्टेंबरला शिल्लक असलेल्या त्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. शालेय साहित्याच्या ठोक दुकानदारांनी त्या दिवशीची स्टॉकयादी काढून ठेवली आहे का, हे आजच तपासा.

भावाला दिलेला पगार आणि ३१ मार्चची नोंद

आता ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तिच्याकडे येतो, कारण ती मोंढ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आपल्याकडच्या आडती, डाळ मिल, जिनिंग, कापड दुकानं बहुतेक घरच्याच भागीदारीत चालतात. काका, पुतण्या, दोन भाऊ. फर्म भागीदारांना पगार देते, भांडवलावर व्याज देते. १ एप्रिल २०२५ पासून यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर, लागला; जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४टी. पगार, व्याज, कमिशन, बोनस मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेले, की १० टक्के, आणि तेही पूर्ण रकमेवर. काकांचा पगार ३ लाख आणि व्याज ६०,००० असेल, तर ३६,००० रुपये कापून भरायचे. नफ्याच्या वाट्यावर हा टीडीएस नाही. स्वतःचं भांडवल उचललं, त्यावरही नाही.

अडचण नोंदीत आहे. आपल्याकडे वर्षभर भागीदार लागेल तसे पैसे उचलतात आणि पगार-व्याजाची नोंद हिशेब बंद करताना, कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये, ३१ मार्चची तारीख टाकून होते. कायदा म्हणतो, रक्कम खात्यात जमा झाली किंवा हातात दिली, यातलं जे आधी, त्या दिवशी टीडीएस कापा. भागीदाराच्या भांडवल खात्यात जमा केली तरी ती जमाच. मार्चची कपात ३० एप्रिलपर्यंत भरावी लागते. सप्टेंबरमध्ये ३१ मार्चची नोंद टाकली, की त्या क्षणी तुम्ही पाच महिने उशिरा आहात. कापलेला कर न भरल्याचं व्याज महिन्याला दीड टक्का. शिवाय कित्येक फर्मांकडे टीडीएस भरायला लागणारा टॅन क्रमांकच नाही. "घरातल्याच माणसाला पगार दिला, त्यात कसला टीडीएस," असं एका काकांनी मला विचारलं. घर एक असलं, तरी कायद्याला फर्म वेगळी आणि काका वेगळे.

करायचं एवढंच: भागीदारी पत्रात पगार आणि व्याजाचा दर काय लिहिलाय ते बघा, दर तिमाहीला अंदाजे नोंद टाका, टीडीएस भरा आणि मार्चमध्ये फरकाची रक्कम नीट करा.

पंचेचाळीस दिवस

वाळूज, चिकलठाण्याचे कारखाने छोट्या वर्कशॉपकडून जॉबवर्क आणि सुटे भाग घेतात आणि पैसे तीन-तीन महिने थकवतात. जालन्याच्या कारखान्यांतही तेच. जुन्या आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कलम ४३बी(एच) ने याला लगाम घातला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर ठरलेल्या दिवसापर्यंत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. करारात ६० दिवस लिहिले, तरी ४५ च धरतात. मुदत टळली आणि ३१ मार्चला रक्कम बाकी राहिली, तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. जेव्हा द्याल, त्या वर्षी मिळेल.

समजा ८ लाखांचं बिल १० फेब्रुवारीचं, करार नाही, पैसे दिले २० एप्रिलला. मुदत २५ फेब्रुवारीलाच संपली. ८ लाख नफ्यात धरले जातील आणि भागीदारी फर्मला त्यावर सेससह ३१.२ टक्के, म्हणजे २,४९,६०० रुपये कर त्या वर्षी भरावा लागेल. विवरणपत्र भरेपर्यंत पैसे दिले की चालतं, ही बाकी कलमांची सवय इथे उपयोगी पडत नाही.

यात एक गैरसमज फार पसरलाय. माल बनवणारा किंवा सेवा देणारा असेल तरच हे लागू. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असली, तरी ती बँकेच्या कर्जापुरती. तेव्हा प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागवून घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या: लघु उद्योगाची उलाढाल आता १०० कोटींपर्यंत. काल जो मध्यम होता, तो आज लघु असू शकतो.

छोट्या वर्कशॉपवाल्यांनो, हा कायदा तुमच्यासाठीच आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. फेब्रुवारीत थकबाकीची यादी समोरच्याला पाठवा. मागायला लाजू नका.

बारा लाख, पण शेती धरून

"१२ लाखांपर्यंत कर नाही" हे २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सगळ्यांना पाठ झालं. नव्या कर प्रणालीत करात ६०,००० पर्यंतची सूट मिळते, म्हणून कर शून्य होतो. पण आपल्याकडे दुकानासोबत शेती असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं. दुकानाचे ११ लाख आणि शेतीचे ६ लाख असतील, तर १७ लाखांवरचा कर १,४०,००० येतो. त्यातून शेतीचे ६ लाख आणि सुरुवातीचे ४ लाख अशा १० लाखांवरचे ४०,००० वजा. उरले १ लाख. सूट ६०,००० ची, म्हणून ४०,००० कर, सेस धरून ४१,६००. हा आकडा ऐकून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, कारण त्यांनी आगाऊ कर भरलेला नसतो. सोयाबीन-तुरीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. या सुटीमुळे कर शून्य आला, तरी विवरणपत्र भरावंच लागतं, हेही पुष्कळांना माहीत नाही.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. आता मागचं वर्ष, करनिर्धारण वर्ष ही जोडी गेली आणि एकच "कर वर्ष" आलं. टीडीएसची विखुरलेली कलमं पगारासाठी ३९२ आणि बाकीच्यांसाठी ३९३ मध्ये गोळा झाली. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचं. चलन भरताना वर्ष दोनदा वाचा.

दुकान भाड्याचं असेल आणि घरमालक जीएसटीत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी असलेल्या भाडेकरूने भाड्यावरचा १८ टक्के कर स्वतः पैसे जमा करून भरायचा, क्रेडिटमधून नाही. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, हे लागू नाही. आणि जीएसटीआर-३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्रात, विक्रीचा आकडा हाताने नीट करण्याची सवय आता सोडा. जुलै २०२५ च्या कालावधीपासून तो विक्रीच्या विवरणपत्रातून, जीएसटीआर-१ मधूनच येतो. चूक दिसली, तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करा. तीन वर्षांहून जुनं राहिलेलं विवरणपत्र पोर्टल आता घेतच नाही, तेव्हा एखादा महिना सुटलाय का, हे दिवाळीच्या चोपडीपूजनाची वाट न बघता या आठवड्यात काढून बघा.