माजी सैनिकाच्या कबरीत कुटुंबीयांचे दफन: अमेरिकेतील राष्ट्रीय दफनभूमींची पद्धत

अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स (माजी सैनिक कल्याण) विभागाच्या राष्ट्रीय दफनभूमीत माजी सैनिकाला मिळालेली जागा सहसा एकट्याची नसते. त्याच कबरीत पुढे कुटुंबीयांचेही दफन होऊ शकते. मात्र येथे कुटुंबाची व्याख्या घरातल्यापेक्षा बरीच मर्यादित आहे. तिच्यात पती किंवा पत्नी, 21 वर्षांखालील अविवाहित मुले, पूर्णवेळ शिकत असल्यास 23 वर्षांखालील, आणि त्या वयाच्या आत कायमचे अपंगत्व येऊन परावलंबी झालेले अविवाहित अपत्य साधारणतः एवढेच बसतात. घटस्फोटित जोडीदाराला केवळ जुन्या नात्यावर जागा मिळत नाही. उलट, सैनिकाच्या विधवेने पुढे सैनिक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केला असला, तरी तिचा मृत्यू 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यानंतर झाला असल्यास तिचा हक्क कायम राहतो. तेव्हा पुनर्विवाह झाला म्हणून घरच्यांनी परस्पर आशा सोडू नये.

मृत्यूनंतर दफनाची वेळ ठरवण्यासाठी सेंट लुईस येथील नॅशनल सिमेटरी शेड्युलिंग ऑफिसशी (राष्ट्रीय दफनभूमींतील दफनांच्या वेळा ठरवणाऱ्या कार्यालयाशी) संपर्क साधावा लागतो. हे काम बहुधा फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी संस्थाच करते. सैनिकाचे दफन आधीच झाले असेल, तर त्याचे पूर्ण नाव, दफनभूमी, तिथला विभाग आणि कबर क्रमांक जवळ ठेवावा. जोडीदार आधी गेल्यास सैनिकाच्या सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी 214, लागतो. तो ऐनवेळी शोधण्यापेक्षा हयातीतच 40-10007 क्रमांकाचा अर्ज भरून पात्रता ठरवून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

कबर उघडणे व बुजवणे, कबरीवरची नावाची शिळा आणि देखभाल यांचा खर्च सरकार करते. फ्युनरल होम, शवपेटी किंवा दहन यांचा खर्च कुटुंबाकडे राहतो. शवपेटीऐवजी अस्थिकलशही त्याच कबरीत ठेवता येतो.

शिळेवरच्या मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. उभ्या शिळेवर सैनिकाचा तपशील पुढे आणि जोडीदाराचा साधारणतः मागच्या बाजूला कोरतात, म्हणून नावाचे स्पेलिंग व तारखा मृत्यूच्या दाखल्याशी ताडून मगच मजकुराला संमती द्यावी.

वॉशिंग्टनजवळची आर्लिंग्टनची प्रसिद्ध राष्ट्रीय दफनभूमी मात्र लष्कराच्या अखत्यारीत असून तिचे नियम अधिक कडक आहेत. तिथे स्वतंत्रपणे विचारणा करावी. खासगी दफनभूमीत सैनिकाला सरकारी शिळा मिळाली असली, तरी त्या कबरीत दुसऱ्या दफनाची परवानगी तिथले व्यवस्थापन देते आणि त्याचे शुल्कही कुटुंबालाच भरावे लागते.