अनोळखी हातातले बिस्किट: कुत्र्याच्या दातांची निगा आणि चोरीपासून राखण

मुंबईतल्या सोसायटीत राहणाऱ्या पाळीव कुत्र्याला दिवसभरात किती जणांच्या हातून खाऊ मिळतो, याचा हिशेब बहुतेक घरांत कोणी ठेवत नाही. सकाळी वॉचमनकाका ग्लुकोजचे बिस्किट देतात, दुपारी चौथ्या मजल्यावरच्या आजी पोळीचा तुकडा घेऊन खाली येतात, आणि संध्याकाळी किराणा दुकानासमोर जरा थांबले की दुकानदारही कौतुकाने टोस्ट पुढे करतो. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, परंतु नुकसान दुहेरी होते. पिठाचे चिकट खाणे दाढांच्या फटींत आणि हिरड्यांच्या कडेला अडकून राहते, आणि कोणाच्याही हातचे खाण्याची सवय लागलेला कुत्रा कोणाच्याही मागे सहज जातो. म्हणूनच दातांची निगा आणि चोरीपासून राखण हे वरवर वेगळे दिसणारे दोन विषय येथे एकत्र घेतले आहेत.

खाऊ दाखवून कुत्रा पळवण्याची युक्ती इतकी जुनी आहे की 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 378 खाली चोरीचे एक उदाहरण म्हणून तीच दिली होती: एखाद्याने खिशात कुत्र्याला आवडणारे आमिष ठेवले आणि दुसऱ्याचा कुत्रा त्यामागे चालू लागला, की त्याच क्षणी चोरी घडली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही हे उदाहरण कायम आहे.

तेव्हा पहिला नियम असा की, कुत्र्याला खाऊ फक्त घरच्या माणसांनीच द्यावा. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला हे स्पष्ट पण गोडीने सांगावे. "काका, द्यायचेच असेल तर माझ्या हातात द्या, मी देतो" एवढे पुरते आणि कोणी दुखावतही नाही. शिकवण्याची रीतही सोपी आहे. मुठीत खाऊ धरून मूठ कुत्र्यासमोर न्यावी. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, पण मूठ उघडू नये. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी "नको" हा शब्द उच्चारून दुसऱ्या हातातला वेगळा खाऊ द्यावा. हे घरात जमले की तोच सराव जिन्यात, फाटकापाशी आणि रस्त्यावर करावा, कारण दिवाणखान्यात शहाणा असलेला कुत्रा फाटकाबाहेर सगळे विसरतो. शेवटी कुत्र्याला अपरिचित असलेल्या एखाद्या मित्राला खाऊ पुढे करायला सांगावे. लॅब्राडोरच्या बाबतीत मात्र या शिकवणीवर फार भिस्त ठेवू नये.

दातांची रोजची निगा

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत पडून जातात. पॉमेरेनियन, शिह त्झू यांसारख्या लहान जातींत दुधाचा सुळा पुष्कळदा पडतच नाही आणि त्याच जागी दोन दात शेजारी शेजारी उभे राहतात. त्या फटीत घाण साठते, त्यामुळे असा दात पशुवैद्याकडून काढून घ्यावा.

खाल्ल्यानंतर दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर बसतो, आणि तो पुसला गेला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. हेच पिवळे-तपकिरी कीटण होय. ब्रश मऊ थरावर चालतो, कडक कीटणावर चालत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यापेक्षा रोज एक मिनिट हलक्या हाताने घासणे कितीतरी उपयोगाचे. हिरडीखाली शिरलेले जिवाणू दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजवतात, आणि दात हलू लागेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. तोंडाला येणारी दुर्गंधी हा "कुत्र्याचा वास" असल्याचे समजून लोक गप्प बसतात, हा या बाबतीतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

सुरुवातीचे काही दिवस ब्रश दाखवूच नये. संध्याकाळच्या फेरीनंतर, कुत्रा थोडा दमलेला असताना, त्याच्या समोर न बसता बाजूला बसावे, ओठ हळूच वर उचलून क्षणभर धरावा आणि शाबासकी द्यावी. नंतर बोटाला ओला मलमलीचा तुकडा गुंडाळून दातांवरून फिरवावा, आणि हेही अंगवळणी पडल्यावर लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटात घालायचा ब्रश आणावा. ब्रश दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवून लहान गोल फिरवावा. जबडा उघडायची गरज नसते, कारण दातांची आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते आणि कीटण मुख्यतः बाहेरच्या बाजूला साचते. सर्वांत जास्त लक्ष वरच्या मागच्या मोठ्या दाढेकडे द्यावे. लाळेच्या ग्रंथीची नळी तिच्याजवळच उघडते आणि क्षार तेथे प्रथम बसतात. पहिल्या दिवसांत किंचित रक्त दिसू शकते. ते थांबत नसेल, किंवा हात लावताच कुत्रा ओरडत असेल, तर घासणे बंद करून आधी पशुवैद्याला दाखवावे.

पेस्ट कुत्र्यांसाठी बनवलेलीच वापरावी. कुत्रा चूळ भरत नाही, जे तोंडात जाईल ते गिळतो; आणि माणसांच्या पेस्टमधले फ्लोराइड त्याच्या पोटाला घातक असते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. तो पोटात गेल्यास कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, आणि यकृतही निकामी होऊ शकते. मीठ, खाण्याचा सोडा, राखुंडी, लवंगेचे तेल हे घरगुती उपायही कुत्र्यावर करू नयेत. पेस्ट नसेल तर नुसत्या पाण्याने घासलेले चालते, कारण थर निघतो तो घासण्याने.

चघळायला काय द्यावे, याचा एक सोपा निकष आहे: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे आणि खूण उमटली नाही तर ती देऊ नये. शिंग, खूर आणि मोठी हाडे या कसोटीला उतरत नाहीत. त्यांच्यामुळे हीच वरची मोठी दाढ उभी चिरते. रविवारच्या मटणातली शिजलेली नळी तर आणखी वाईट, कारण तिच्या कपच्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर खेळायला नेणाऱ्यांनी टेनिसचा चेंडूही टाळावा. त्याच्या लवेत वाळू भरते आणि चेंडू चघळताना सुळ्यांवरचे कवच सॅंडपेपरने घासल्यासारखे झिजते. साध्या गुळगुळीत रबराचा चेंडू बरा.

एका बाजूने चावणे, खाताना दाणे तोंडातून सांडणे, लाळ वाढणे, पंजाने तोंड चोळणे, डोळ्याखाली सूज येणे, यातले काहीही दिसले तर थांबू नये. डोळ्याखालची सूज पुष्कळदा दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते. एरवी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. कीटण काढायचे ठरल्यास ते पूर्ण भूल देऊनच काढावे. "भूल न देता दात स्वच्छ" अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी दिसणारा भागच खरवडला जातो, हिरडीखालचा रोग तसाच राहतो, आणि वरून सारे पांढरे दिसल्यामुळे मालक निर्धास्त होतो. भूल देण्यापूर्वी रक्ततपासणी होणार का, श्वासनलिकेत नळी घालणार का, दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का आणि खरवडल्यावर दात घोटून गुळगुळीत करणार का, हे चार प्रश्न विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

तोंड हीच ओळख

दातांच्या निगेतून एक पुरावाही तयार होतो, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सोनेरी रंगाचे दोन लॅब्राडोर छायाचित्रात सारखेच दिसतात. पण एकाचा खालचा सुळा टोकाला तुटलेला असतो, दुसऱ्याच्या जिभेवर काळा डाग असतो. दर काही महिन्यांनी ओठ उचलून समोरून, डावीकडून आणि उजवीकडून तोंडाची स्पष्ट छायाचित्रे काढून तारखेसह जपावीत, आणि पशुवैद्याने केलेल्या दातांच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. चोर पट्टा कापून टाकतो, केस कापतो, प्रसंगी रंगवतोही. तुटलेला दात मात्र त्याला पूर्ववत करता येत नाही.

मायक्रोचिप बसवलेली नसेल तर दातांच्या सफाईसाठी भूल दिली असतानाच ती बसवून घेणे सोयीचे असते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली सुईने सोडतात आणि यंत्र फिरवल्यावर तिचा 15 अंकी क्रमांक दिसतो. चिपमुळे कुत्रा कोठे आहे ते कळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. ती ओळख पटवते, माग काढत नाही. क्रमांक लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून घ्यावा आणि तो आपल्या नावाने व चालू मोबाइल क्रमांकाने नोंदला गेल्याची खात्री करावी. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवानाही मुदतीत नवा करावा. कुत्रा आपला आहे हे सांगणारा तो सरकारी कागद आहे.

रस्त्यावरची सावधगिरी थोडक्यात सांगता येते. दुकानाबाहेर खांबाला बांधून "दोनच मिनिटांत येतो" म्हणून आत जाऊ नये. फिरवण्यासाठी माणूस ठेवला असेल तर त्याची ओळखपत्रे पाहावीत, आणि त्याने कुत्रा परस्पर कोणाच्या हाती देऊ नये असे बजावावे. शिवाजी पार्कला किंवा कार्टर रोडवर कोणी जातीची, किमतीची, नसबंदी झाली आहे का याची बारकाईने चौकशी करू लागला तर गुळमुळीत उत्तर देऊन पुढे जावे. पिल्ले काढण्यासाठी चोरणाऱ्याला नसबंदी झालेला कुत्रा निरुपयोगी असतो, आणि असा कुत्रा भटकतही कमी. समाजमाध्यमांवर रोजच्या फेरीची वेळ आणि जागा उघड करणे तर सरळ टाळावे.

कुत्रा नाहीसा झाल्यास

पहिल्या तासात सोसायटीच्या सचिवांना आणि रस्त्यावरच्या दुकानदारांना गाठून सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्यास लेखी सांगावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. ते दाखवायला पोलिसांचे पत्र हवे असे कोणी म्हटले तर वाद घालू नये. "पुसू नका" एवढे वदवून घ्यावे. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयालाही कळवावे. रस्त्यावर सापडलेली जखमी जनावरे अनेकदा तिथे पोचवली जातात.

पोलीस ठाण्यात कुत्रा "हरवला" एवढीच नोंद करून परतू नये. कोणी नेल्याचे चित्रण किंवा साक्षीदार असेल तर चोरीचीच तक्रार द्यावी. येथे किमतीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो: चोरीस गेलेल्या वस्तूचे मूल्य पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यानुसार गुन्हा अदखलपात्र गणला जातो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून खरेदीची पावती सोबत न्यावी. दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्याची पावती नसते, आणि कायद्याने जिवाची किंमत अशी रुपयांत मोजावी हे खटकते. तरीही दत्तकपत्र आणि उपचार, लसी, प्रशिक्षण यांवरच्या खर्चाची बिले जोडून मूल्याचा मुद्दा मांडता येतो. घटना दुसऱ्या हद्दीत घडली या कारणावरून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे, आणि गुन्हा नोंदवल्यावर प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवावे.

पत्रक काढताना कुत्र्याचा रंग, जात, पट्टा हे सारे द्यावे, पण तोंडातली खूण जाणूनबुजून गाळावी. पत्रकावरचा क्रमांक पाहून "कुत्रा माझ्याकडे आहे, आधी यूपीआयने पैसे पाठवा" असे फोन हमखास येतात. अशा वेळी ओठ उचलून काढलेले तोंडाचे छायाचित्र मागावे. ज्याच्याकडे कुत्रा खरोखर आहे त्याला ते पाठवता येते. इतर बहुतेक जण तेवढ्यावरच फोन ठेवतात. प्रत्यक्ष भेटायचे ठरल्यास पोलिसांना सांगूनच आणि वर्दळीच्या ठिकाणी भेटावे.

कुत्रा परत मिळाला की त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. कोंडून ठेवलेला कुत्रा पिंजऱ्याचे गज किंवा साखळी चावत राहतो आणि त्यात सुळे तुटतात. तुटलेल्या दातात मधोमध लाल किंवा काळा ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडलेली असते आणि उपचार लांबवता येत नाहीत. पशुवैद्याकडून आधीच्या नोंदीशी ताडून कोणत्या खुणा जुन्या आणि कोणत्या इजा नव्या हे लिहून घ्यावे, चिपचा क्रमांक वाचून त्याच कागदावर नमूद करून घ्यावा, आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.