सर्पदंशाचा रुग्ण आला की या चुका टाळा

पहाटे पाचला पोटात दुखतंय म्हणून आणलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी. ऊसतोडीच्या टोळीतली, रात्री खोपीत जमिनीवर झोपलेली. अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. मी नोकरीत नवा होतो. केसपेपरवर पित्ताचं इंजेक्शन लिहून मोकळा झालो. आई म्हणाली, "रात्रीपासून घसा दुखतोय म्हणती, आन् आता डोळंच उघडंना. झोप आलीय तिला." ड्यूटीवरच्या सिस्टरनी मुलीला छताकडे बघायला सांगितलं. मान वर गेली, पापण्या गेल्या नाहीत.

मण्यार होती. सिस्टर नसत्या, तर ती पोर बाकावर झोपल्यासारखी पडून राहिली असती आणि तासाभरात तिचा श्वास थांबला असता.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे. ते काम बहुतेक वेळा मोठ्या हॉस्पिटलात नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर आणि पहिल्या तासात होणार आहे. म्हणून पीएचसी, ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्याच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहितो आहे.

जखम शोधत बसणे

मण्यारीचे दात बारीक असतात. दंश बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात, झोपेत होतो आणि दुखत जवळजवळ नाही. दाताची खूण भिंगानं शोधूनही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसादुखी किंवा सांधेदुखी घेऊन आला, तर निदान काहीही वाटो, चार गोष्टी बघायच्याच. मिनिटभर वर बघायला लावा आणि पापण्या खाली येतात का ते पाहा. डोळे चारी बाजूंना फिरतात का? उताणं झोपवून मान उचलायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला लावा आणि कितीपर्यंत गेला ते केसपेपरवर वेळेसह लिहा. मगाशी पंचवीस, आता चौदा, म्हणजे श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. पल्स ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवत असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

उलट चूकही तितकीच होते: दाताच्या खुणा दिसल्या की लगेच एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष, लोकांच्या भाषेत लस) सुरू. बिनविषारी साप भरपूर आहेत, आणि विषारी साप चावूनही विष सोडतोच असं नाही. लक्षणं नसतील तर २४ तास ठेवून घ्या, पुन्हापुन्हा तपासा. नातेवाईक "लस द्या" म्हणून अंगावर येतात, ते मी अनेकदा सोसलं आहे. त्यांना शांतपणे सांगावं की औषध टेबलावर तयार आहे, लागलं की पुढच्या मिनिटाला सुरू करतो.

साप ओळखण्यात वेळ घालवणे

पिशवीत मेलेला साप घेऊन येतात, कधी तो पुरता मेलेलाही नसतो. हात लावू नका, मोबाइलमध्ये फोटो असेल तर बघा, पण उपचार त्यासाठी अडवू नका. आपली एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालते. निर्विष कवड्याला मण्यार समजणं तर नेहमीचं. नावापेक्षा विष शरीरात काय करतंय ते महत्त्वाचं: पापण्या आणि श्वास, की रक्त आणि लघवी. घोणस कधी दोन्हीकडे हात घालते. सह्याद्रीतला हिरवा चापडा मात्र या चौघांत नाही. त्याचा दंश झाल्याची खात्री असेल तर एएसव्हीच्या व्हायली (औषधाच्या कुप्या) ओतून उपयोग नाही. सूज आणि वेदना सांभाळा, रक्त तपासत राहा.

रक्त गोठण्याची चाचणी चुकीच्या नळीत करणे

इतक्या स्वस्त चाचणीवर इतका मोठा निर्णय अवलंबून असल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. शिरेतलं २ मिली ताजं रक्त, नवी, स्वच्छ, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विषानं गोठण्याची यंत्रणा मोडली आहे.

नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत न गोठण्याची शक्यता असते. साबणाच्या पाण्यानं धुतलेल्या नळीचंही तेच, कारण साबणाचा अंश आत राहतो. मग धडधाकट माणसाला दहा व्हायली जातात. नळीबद्दल शंका आली तर शेजारी नातेवाईकाचं रक्त दुसऱ्या नळीत ठेवा. तेही गोठलं नाही, तर दोष नळीचा. आणखी एक सवय मोडा: पाचव्या मिनिटाला उचलून "गोठलं का बघू" म्हणून हलवण्याची. मी नळीवर पट्टी चिकटवून त्यावर वेळ लिहितो आणि ती खिडकीत ठेवून देतो, येता-जाता कुणाचा हात लागू नये म्हणून.

पहिली चाचणी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही. सुरुवातीचे तीन तास दर तासाला, मग दर सहा तासांनी, २४ तासांपर्यंत पुन्हा करा.

एएसव्ही देताना

आधी त्वचेखाली टेस्ट डोस टोचून बघण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती सोडा. त्या चाचणीवरून रिअ‍ॅक्शन येईल की नाही ते कळत नाही, वेळ मात्र जातो. त्याऐवजी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. एएसव्ही सुरू केल्यावर पहिला अर्धा तास रुग्णाजवळून हलू नका. अंगावर गांधी, खाज, उलटी, खोकला, थंडी, बीपी उतरणं, यांतलं काहीही दिसलं की एएसव्ही थांबवा आणि मांडीच्या स्नायूत १:१००० अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ द्या, मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ. गरज पडली तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अ‍ॅलर्जीवरची औषधं देऊन वाट बघणं ही चूक जीव घेते. ती दोन्ही नंतरची औषधं. रुग्ण सावरला की एएसव्ही हळू गतीनं पुन्हा सुरू करायची. रिअ‍ॅक्शन आली म्हणून ती कायमची बंद करायची नाही.

पहिला डोस १० व्हायल, सलाईनमधून तासाभरात. मुलांनाही तेवढाच, कारण सापानं पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं. मुलांसाठी फक्त सलाईन कमी घ्या. पावडरच्या व्हायलमध्ये १० मिली पाणी घातल्यावर ती जोरात हलवू नका, फेस होतो. दोन तळहातांत हळू फिरवा. दहा व्हायली विरघळायला वेळ लागतो, म्हणून घाईत सगळे हलवतात. त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन तयार झाल्या की सुरू करा, बाकीच्या तोवर होतात.

रक्त गोठत नसेल तर पुढचा डोस सहा तासांनी, चाचणी बघून. यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो. तासाभरात चाचणी करून "अजून गोठत नाही" म्हणत व्हायली वाढवत नेणं म्हणजे दुसऱ्या रुग्णाच्या वाटणीचं औषध संपवणं.

नागाच्या दंशात अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ आणि निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ दिल्यावर पापण्या उघडताना दिसतात. मुलांना मात्रा वजनानुसार. मण्यारीत बहुधा नाही, कारण तिचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. तिथे झालेली इजा एएसव्हीही परतवत नाही. तिथे वाचवतो तो श्वास. अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत राहिलो तर रुग्ण जगतो.

याच ठिकाणी सगळ्यात भयंकर चूक होते. मण्यारीच्या रुग्णाचे सगळे स्नायू लुळे पडले की डोळे उघडत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि हलत नाहीत, चिमटा घेतला तरी हालचाल नाही. बघणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. मेंदू शाबूत असतो. त्याला ऐकू येत असतं. उशाशी उभं राहून "आता काही राहिलं नाही" म्हणू नका. ती मुलगी अँब्यू बॅगवर जिल्ह्याला पोहोचली, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होती. बोलायला लागल्यावर तिनं आईला विचारलं, "रात्री रडत का होतीस?"

आवळलेली दोरी आणि सुजलेला पाय

गावात "पान लागलं", म्हणजे साप चावला, की पहिल्यांदा दंशाच्या वर दोरी आवळतात, मग मांत्रिक, मग आपण. आल्या आल्या दोरी कापू नका. आधी शिरेत सुई, एएसव्ही आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी, पलीकडची नाडी लागते का ते पाहून मग सोडा. अडलेलं विष एकदम अंगात पसरून श्वास बंद झाल्याचे प्रसंग घडतात.

घोणसीच्या दंशात पाय टम्म फुगतो आणि कुणी तरी चिरा द्यायला निघतं. रक्त गोठत नसताना चिरा दिला तर रक्तस्राव आवरत नाही. पाय उंचावर ठेवा, सुजेच्या कडेला पेनानं रेघ ओढून वेळ लिहा. धनुर्वाताचं इंजेक्शनही रक्त गोठायला लागल्यावरच, तोवर स्नायूत टोचणं टाळा. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक नाही, पॅरासिटामॉल द्या. लघवी किती आणि कोणत्या रंगाची हे मोजत राहा. घोणसीचे रुग्ण किडनी जाऊन मरतात, आणि ते दोन-तीन दिवसांनी.

हात झटकून रेफर करणे

लक्षणं आहेत, फ्रिजमध्ये एएसव्ही आहे, तरी "वर घेऊन जा" म्हणून १०८ मध्ये बसवणं मला पटत नाही. पहिला डोस सुरू करा आणि मग पाठवा. पापण्या उतरलेल्या असतील तर सोबत बॅग दाबू शकणारं माणूस द्या, रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवा. चिठ्ठीत दंशाची वेळ, लक्षणं कोणत्या क्रमानं आली, रक्ताची चाचणी कधी आणि काय आली, किती व्हायली कधी सुरू केल्या, दोरी कधी सोडली हे लिहा. "सर्पदंश, पुढील उपचारार्थ" एवढ्यानं पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

अंधारात काय चावलं ते कळलं नाही, पण चावलेल्या जागेची आग आग होतेय, घाम फुटलाय, हातपाय थंडगार आहेत, असा रुग्ण आला तर विंचू आठवा. तिथे एएसव्हीचा संबंध नाही, प्राझोसिन हे औषध लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात कोकणातल्या रुग्णांवर हे दाखवून दिलं, तेही छोट्या रुग्णालयातल्या साधनांवर.

सुट्टी देताना एक गोष्ट सांगायची राहून जाते. एएसव्ही घेतलेल्यांपैकी काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ येतं. ती औषधाचीच उशिराची रिअ‍ॅक्शन, काही दिवसांच्या प्रेडनिसोलोननं बरी होणारी. पण रुग्ण तेव्हा दुसऱ्याच दवाखान्यात जातो आणि चिकुनगुनियाच्या तपासण्या करत बसतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: अमुक तारखेला एएसव्ही दिली आहे, अंगावर उठलं किंवा ताप आला तर हे कार्ड घेऊन इकडे या.