ऐतिहासिक प्रेमकादंबरीवर अभिप्राय लिहिताना

‘खूप छान. एका बैठकीत वाचून संपवली.’ वाचनालयातल्या अभिप्राय वहीत अशा ओळी ढिगाने सापडतात. ही ओळ रहस्यकथेला चालते, चरित्रालाही चालते. म्हणजे हातातल्या कादंबरीबद्दल तिने काहीच सांगितलेलं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. अशा जुन्या ग्रंथालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या सभासदाला दोन मिनिटांत ठरवायचं असतं, हे घरी न्यायचं की ते. अभिप्राय त्याच्यासाठी लिहायचा, लेखकाच्या कौतुकासाठी नाही.

वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा: या दोघांच्या आड जे येतंय ते त्या काळाचं आहे का? नायक-नायिकेला उचलून आजच्या कॉलेज रोडवर आणून बसवा. कथा जशीच्या तशी चालली, तर इतिहास नुसता अंगावर चढवलेला शेला आहे. पेशवाईतल्या नवरा-बायकोचं लग्न लहानपणीच झालेलं असतं, त्यामुळे तिथे प्रेम लग्नानंतर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी उगवतं. विरहही पंचांगाने ठरतो. दसऱ्याला बाहेर पडलेली फौज साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. लेखकाने हे वेळापत्रक कथेत मुरवलं असेल तर आषाढातल्या भेटीला वजन येतं. विधवेच्या प्रेमाची गोष्ट असेल तर ती 1856 च्या पुनर्विवाह कायद्याच्या आधीची की नंतरची, हे आधी बघा. कायद्यानंतरही समाज लगेच बदलला नव्हता, पण पात्रांना निदान एक दार दिसत होतं.

इंग्रजी ‘रीजन्सी’, म्हणजे इंग्लंडातल्या राजप्रतिनिधीच्या काळातल्या, कादंबऱ्या वाचणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी. तो काळ काटेकोरपणे 1811 ते 1820 इतकाच. इंग्लंडमध्ये 1753 च्या विवाह कायद्यानंतर 21 वर्षांखालच्यांना लग्नाच्या परवान्यासाठी पालकांची संमती लागे, स्कॉटलंडात लागत नसे. म्हणून या कादंबऱ्यांतली जोडपी रातोरात स्कॉटलंडच्या सरहद्दीकडे पळतात. त्या प्रकारात सुखान्त ही जवळजवळ अटच आहे. आपल्याकडच्या कादंबऱ्या बहुधा खऱ्या व्यक्तींवर बेतलेल्या, त्यांचा शेवट इतिहासानेच लिहून ठेवलेला. माधवराव पेशवे 1772 मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे वाचकाला पहिल्या पानाआधीच माहीत असतं. तेव्हा ‘शेवट दुःखी आहे’ ही तक्रार नको. शेवट ठाऊक असूनही पान उलटावंसं वाटलं का, ते लिहा.

टिपणं

पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलसुद्धा लावू नका. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद चिठ्ठ्या कापा. तीनशे पानांना 12 ते 15 पुरतात. जास्त लागल्या तर निवड होत नाहीये असं समजा. चिठ्ठीच्या टोकावर एकच अक्षर: ‘प्रे’ प्रेमासाठी, ‘का’ काळासाठी, ‘भा’ भाषेसाठी. शेवटी मोजा. ‘का’ दहा आणि ‘प्रे’ दोन निघाल्या, तर प्रेमकथेच्या नावाखाली तुम्ही मोहिमांची बखर वाचलीत. हेच अभिप्रायाचं पहिलं वाक्य होऊ शकतं. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा, नाहीतर लेखकाचंच मत आपलं म्हणून वहीत उतरतं.

काळाच्या चुका पकडताना

नेहमी घसरतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली वेळ. पेशवाईतला सरदार ‘पाच मिनिटं थांबा’ म्हणाला की चिठ्ठी लावा. एक घटका म्हणजे 24 मिनिटं, एक प्रहर म्हणजे 3 तास. पात्रांनी त्यातच बोलावं. निवेदकाने मिनिटं मोजली तर इतकं बिघडत नाही, तो आजच्या वाचकाशी बोलत असतो. दुसरी दिवा. ‘तिने काडी ओढली आणि समई उजळली’ हे 1770 मध्ये घडणार नाही. घासून पेटणाऱ्या काड्या विलायतेतच 1827 पासून विकायला आल्या. त्याआधी चकमक, नाहीतर चुलीत राखलेला विस्तव. तिसरी आणि सगळ्यात महागातली जागा पत्रांची. नाशिक ते पुणे दोनशेहून जास्त किलोमीटर. सकाळी निघालेल्या जासुदाने संध्याकाळी पुण्याहून उत्तर आणलं, तर त्यावर उभा राहिलेला सगळा गैरसमज कोसळतो.

पण चुकांची यादी म्हणजे अभिप्राय नव्हे. काडीची चूक एका वाक्याची. पत्राची चूक कथानकाची. दोन्हींना एकाच मापाने मोजणारा अभिप्राय वाचवत नाही. शब्दाबद्दल शंका असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे. नाशिक परिसरातली गावं, घाट, बाजार यांसाठी 1883 चं जिल्हा गॅझेटियर उपयोगी पडतं.

भाषेत मुख्यतः संबोधनं तपासा. जुन्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, थेट ‘तुम्ही’ही टाळायची. ‘इकडून येणं कधी झालं?’ या एका वाक्यात चौकशी असते, संकोच असतो आणि थोडा रागही असू शकतो. चांगला लेखक असल्या आडवळणाच्या बोलण्यातून जवळीक उभी करतो. कच्चा लेखक नायिकेला चांदण्यात आणतो आणि मोगऱ्यावर दोन पानं खर्च करतो.

खरी माणसं आली की

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं आनंदवल्ली इथल्या वाचकाला रोजचं. रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा तिथला संबंध माहीत असल्याने आनंदीबाई नायिका असलेली कादंबरी नाशकात जरा चढ्या आवाजात वाचली जाते. इथे तीन रकाने करा: नोंदलेलं, ऐकीव, लेखकाने रचलेलं. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, हे नोंदलेलं. ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारा ‘ध चा मा’ ही आख्यायिका. त्या दिवशी आनंदीबाईंच्या मनात काय चाललं होतं, ते रचलेलं, आणि तिथेच कादंबरीकाराचं काम सुरू होतं. रचलेल्याला ‘खोटं’ म्हणू नका. नोंदलेल्याशी त्याची झटापट होते का, तेवढं सांगा.

लघुकादंबरी असेल तर

ऐंशी ते सव्वाशे पानांना कादंबरीची मापं लावली की अन्याय होतो. एक अडसर, एक ऋतू, फार तर पाच पात्रं, एवढंच तिला झेपतं. तिचा हमखास दोष म्हणजे पहिली तीस पानं राजकारण समजावण्यात जाणं. दिवाळी अंकातली असेल तर अंकाचं नाव, वर्ष आणि पान टिपा, नाहीतर पुढच्याला ती सापडणार नाही.

लिहायला बसल्यावर

वाचून दोन दिवसांत लिहा, 250 ते 300 शब्द. वर नाव, लेखक, आवृत्ती, पानं. मग काळ आणि ठिकाण एका वाक्यात. कथानकाला जास्तीत जास्त चार वाक्यं, आणि पहिल्या एक तृतीयांशाच्या पुढे जायचं नाही. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवायचा नाही.

समजा, येवल्याच्या विणकराची मुलगी आणि फडावरचा, म्हणजे सरकारी दफ्तरातला, कारकून अशी गोष्ट आहे. ‘दोघांचं प्रेम अतिशय हळुवार रंगवलं आहे’ यातून काही कळत नाही. त्याऐवजी: ‘ती त्याला एकदाच सामोरी येते, माग बंद पडतो तेव्हा. बाकी सगळं प्रेम कारकुनाच्या हिशेबवहीत आहे. पैठणीची किंमत तो दर वेळी थोडी जास्त मांडतो.’ वाचकाला आता पुस्तकाची चव कळली, शेवट मात्र कळला नाही.

शेवटी कोणासाठी, ते नेमकं सांगा: मोहिमांचा कंटाळा असलेल्यांना चालेल का, शाळकरी मुलीच्या हाती द्यावी का, आजीला टाइप बारीक पडेल का. आणि पुस्तक परत करण्याआधी चिठ्ठ्या काढा. पान 212 वर ‘प्रे’ असं आधीच खोचलेलं दिसलं, तर पुढचा वाचक तिथवर धीर धरणार नाही.