हिवाळ्यात प्लग-इन हायब्रिड गरम कशी ठेवायची

टोरांटोतल्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं हीटर म्हणजे फुकटचं काम, आपल्या जुन्या पेट्रोल गाडीसारखं. तिथे इंजिन निम्म्याहून जास्त इंधन उष्णता करूनच वाया घालवतं आणि त्यातलीच थोडी आपण केबिनमध्ये घेतो, पण प्लग-इन हायब्रिड (वायर लावून चार्ज होणारी, शिवाय पेट्रोल इंजिनही असलेली गाडी) इलेक्ट्रिक मोडवर असली की इंजिन बंद, म्हणजे ऊब बॅटरीतूनच काढायची, आणि या गाड्यांची बॅटरी मुळातच छोटी.

म्हणून निघायच्या वीसेक मिनिटं आधी, वायर लावलेली असतानाच, अ‍ॅपवरून गाडी गरम करून घ्या. वीज घरची जाते. मग सीट आणि स्टीअरिंगचा हीटर लावा, सीट जेमतेम शंभरेक वॉट खाते आणि केबिनचा हीटर काही हजार! तापमान 22 वरून 18 वर आणा, जॅकेट अंगावरच राहू द्या. (बायको भांडेल, चालायचंच.)

टोयोटाच्या प्रायस प्राइमला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं, कमी वीज खाणारं यंत्र) आहे, पण बाहेर साधारण उणे 10 च्या खाली हीटर लावला की इंजिन आपोआप चालू होतं, तो बिघाड नाही, घाबरू नका. एकदा इंजिन तापलंच तर हायवे त्याच्यावर काढा आणि गावात शिरल्यावर इलेक्ट्रिक करा, कूलंट (इंजिनमधून फिरणारा द्रव) गरम असेपर्यंत ऊब मिळत राहते. दूध, भाजी, पोस्ट सगळं एकाच फेरीत उरका, नाहीतर दर वेळी थंडगार इंजिन नव्याने तापवत बसावं लागतं.

हवा आतल्या आत फिरवली तर ऊब टिकते खरी, पण काचा धुरकटतात, तेव्हा लगेच बाहेरची हवा घ्या.